क्यूटी: पहिली खिडकी उघडण्याआधी काय काय, आणि कोणत्या क्रमाने? (वाचनालयाचं देवघेव ॲप)

शाईपेन | शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय 'इतर क' वर्गातलं आहे. पुस्तकं साडेसहा हजार, वर्गणीदार सव्वाचारशे. दाखलनोंदवही आणि देवघेवीची वही दोन्ही अजून हातानेच लिहितात. निदान देवघेव तरी संगणकावर यावी अशी ग्रंथपाल काकूंची फार इच्छा होती, म्हणून गेले आठ महिने सुट्टीच्या दिवशी बसून मी एक ॲप लिहिते आहे. पायथन, पायसाइड ६ (खिडक्यांची ॲप्स बनवायचं क्यूटी हे साधन पायथनमधून वापरायचा पूल) आणि माहिती साठवायला एसक्यूलाइट. मी उबुंटूवर लिहिते, वाचनालयात विंडोज १० आहे.

मागच्या रविवारी ते तिथे बसवलं आणि चार गोष्टी नडल्या.

पहिली, सेटिंग्ज टिकत नाहीत. रोजचा दंड किती, बॅकअप कुठल्या फोल्डरमध्ये घ्यायचा, खिडकीचा आकार केवढा, हे सगळं मी क्यूसेटिंग्जमध्ये, म्हणजे क्यूटीच्या सेटिंग्ज साठवायच्या सोयीत ठेवते. माझ्या उबुंटूवर व्यवस्थित टिकतं. वाचनालयात ॲप बंद करून पुन्हा उघडलं की सगळं कोरं. एररही कुठे दिसत नाही.

दुसरी, मुख्य खिडकीतली लेबलं इंग्रजीच राहतात, पण नंतर उघडणाऱ्या छोट्या खिडक्या मराठीत येतात.

तिसरी, देणगीत मिळालेल्या नव्या लॅपटॉपवर तक्त्याच्या ओळींमध्ये अक्षरं कापली जातात. 'कीर्ती'चा रफार दिसत नाही, 'कुसुम'चे उकार गायब.

चौथी, आकडे. काकू देवनागरी आकडे टाइप करतात, मदतीला येणारा मुलगा इंग्रजी आकडे. दाखल क्रमांक १२४७ शोधला तर कधी पुस्तक सापडतं, कधी नाही.

प्रत्येक अडचणीवर सुटं सुटं उत्तर शोधून मिळतंय. पण मला वाटतंय की या सगळ्यांचं मूळ माझ्या मुख्य फाइलीतल्या सुरुवातीच्या वीसेक ओळींत आहे. माझा सध्याचा क्रम असा: सगळे इम्पोर्ट, मग क्यूॲप्लिकेशन (अख्खं ॲप चालवणारं क्यूटीचं ऑब्जेक्ट), मग मुख्य खिडकी तयार करणं, मग संस्थेचं आणि ॲपचं नाव, मग ट्रान्सलेटर (लेबलांचं भाषांतर पुरवणारा) आणि फाँट, शेवटी खिडकी दाखवणारं शो आणि ॲप चालू ठेवणारं एक्झेक. यातलं काय चुकतंय आणि का चुकतंय, हे कोणी नीट समजावून सांगेल का? नुसती दुरुस्त ओळ नको, कारण कळलं तर पुढे स्वतः निस्तरता येईल.

---

गोदाकाठ | शनिवार, रात्री ११:३५

शाईपेन, तुमचा संशय बरोबर आहे. चारपैकी तीन अडचणी क्रमाच्याच आहेत. चौथीही थोडी आहे.

क्यूॲप्लिकेशन हे ऑब्जेक्ट जन्माला येताना काय काय करतं ते आधी पाहू, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. ते आधी कोणता प्लॅटफॉर्म प्लगइन (त्या सिस्टिमच्या पडद्याशी बोलणारा जोडभाग) वापरायचा हे ठरवतं. विंडोजवर त्याचा स्वतःचा, लिनक्सवर एक्ससीबी किंवा वेलँड. मग पडदे किती आहेत, कोणावर किती टक्के स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवणं) आहे हे विचारून घेतं. सिस्टिमची थीम आणि मूळचा फाँट उचलतं. कमांड लाइनवर दिलेल्या शब्दांमधून स्वतःचे पर्याय, म्हणजे स्टाइल, प्लॅटफॉर्म वगैरे, काढून घेतं. युनिक्सवर सिस्टिमचं लोकेलही, म्हणजे भाषा आणि प्रदेशाची निवड, तेव्हाच लागू करतं.

म्हणून सुरुवातीचे तीन टप्पे मानायचे.

पहिला टप्पा ऑब्जेक्ट तयार होण्याआधीचा. जे जन्मताना वाचलं जातं ते सगळं इथे. स्केलिंगचं गोलाईचं धोरण (टक्क्यांचा आकडा कसा गोल करायचा ते), काही विशिष्ट ॲट्रिब्यूट, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. फ्यूजनसारखी स्टाइल लावायची असेल तर तीही शक्यतो इथेच लावा असं क्यूटीची कागदपत्रं सांगतात. संस्थेचं आणि ॲपचं नाव इथे द्यायची सक्ती नाही, पण मी ते कायम पहिल्या दोन ओळींत देतो. का, ते खाली येईलच.

दुसरा टप्पा म्हणजे ऑब्जेक्ट आहे, पण एकही विजेट (खिडकी, बटण, लेबल असा पडद्यावरचा घटक) नाही. ॲपसोबतचे फाँट भरणं, लोकेल ठरवणं, ट्रान्सलेटर बसवणं, स्टाइलशीट, डेटाबेस उघडणं हे इथे. फाँट किंवा चित्र याआधी भरायला गेलात तर क्यूटी तक्रार करतं, आणि याआधी विजेट बनवलंत तर ॲप तिथेच कोसळतं.

तिसरा टप्पा खिडकी बनवून दाखवल्यावरचा, इव्हेंट लूप (टिचक्या, कळा यांची वाट पाहत फिरणारा गोल) सुरू झाल्यानंतरचा. वेळखाऊ कामं इथे ढकलायची.

तुमची दुसरी अडचण आता लगेच कळेल. लेबलावरचा मजकूर विजेट तयार होताना भाषांतरातून काढला जातो. तुम्ही मुख्य खिडकी आधी बनवता आणि ट्रान्सलेटर नंतर बसवता, म्हणून ती खिडकी इंग्रजीतच जन्मते. छोट्या खिडक्या नंतर बनतात म्हणून त्या मराठीत. ट्रान्सलेटर वर घ्या, सुटेल. चालू ॲपमध्ये भाषा बदलायची सोय हवी असेल तर भाषा बदलल्याचा इव्हेंट पकडून मजकूर पुन्हा भरावा लागतो, पण तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

एक खबरदारी पायथनची. ट्रान्सलेटर एखाद्या फंक्शनमध्ये बनवून बसवलात आणि तो कुठे धरून ठेवला नाहीत, तर फंक्शन संपताच पायथन त्याला टाकून देतो आणि भाषांतर नाहीसं होतं. बनवताना ॲपच त्याचा पालक म्हणून द्या.

सेटिंग्जबद्दल एक प्रश्न: क्यूसेटिंग्जचं ऑब्जेक्ट नेमकं कुठे बनवता?

---

शाईपेन | रविवार, सकाळी ७:१५

इतक्या रात्री इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून धन्यवाद. ट्रान्सलेटर वर घेतला, लेबलं मराठी झाली!

क्यूसेटिंग्ज मी कॉन्फिग नावाच्या वेगळ्या फाइलीत, अगदी वरच्या ओळीत बनवलंय. बाकी सगळ्या फाइली तिथून ते इम्पोर्ट करतात.

---

गोदाकाठ | रविवार, सकाळी ८:०५

मग सापडलं.

फाइलीच्या वरच्या ओळीतलं ऑब्जेक्ट इम्पोर्ट होतानाच बनतं. म्हणजे तुमचं क्यूसेटिंग्ज क्यूॲप्लिकेशनच्याही आधी बनलं, आणि संस्थेचं नाव तर त्यानंतर खूप उशिरा आलं. क्यूसेटिंग्ज बनताना संस्थेचं आणि ॲपचं नाव विचारून आपली जागा कायमची ठरवतं. नंतर नाव दिलं तरी ते जागा बदलत नाही.

आता उबुंटूवर का चाललं? नाव रिकामं असलं तर लिनक्सवर क्यूटी तुमच्या घरच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये 'अननोन ऑर्गनायझेशन' नावाने फाइल बनवतं आणि त्यात लिहीत राहतं. जाऊन बघा, तुमचा दंड आणि बॅकअपचा पत्ता त्यात सापडेल. विंडोजवर मात्र ही माहिती रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) जाते, चालू वापरकर्त्याच्या सॉफ्टवेअर या शाखेखाली संस्थेचं नाव, त्याखाली ॲपचं. संस्थाच नाही म्हटल्यावर लिहायला जागाच नाही. क्यूसेटिंग्ज त्याची स्थिती 'ॲक्सेस एरर' अशी नोंदवतं, पण तुम्ही स्टेटस विचारलं नाहीत तर स्वतःहून काही बोलत नाही. म्हणून तुम्हाला एरर दिसली नाही.

उपाय सोपा आहे. दोन्ही नावं मुख्य फाइलीत सगळ्यात आधी द्या आणि क्यूसेटिंग्ज फाइलीच्या वरच्या ओळीत बनवू नका. जिथे लागेल तिथे एका फंक्शनमधून नवं बनवा. ते हलकं असतं, त्याच नावाचं दहादा बनवलं तरी मागे साठवण एकच राहते.

---

अक्षरजुळणी | रविवार, सकाळी ९:४०

तिसऱ्या अडचणीत मी हात घालतो, अक्षरं कापली गेलेली मला बघवत नाहीत.

शाईपेन, दोन प्रश्न. तुम्ही आधी पायक्यूटी ५ वर (क्यूटी ५ चा पायथन पूल) होतात का? आणि तक्त्याच्या ओळीची उंची तुम्ही पिक्सेलमध्ये आकडा टाकून ठरवली आहे का?

---

शाईपेन | रविवार, सकाळी १०:०२

दोन्ही हो! तीन महिन्यांपूर्वी पायक्यूटी ५ वरून आले. ओळीची उंची २२ टाकली आहे. आणि पायक्यूटीच्या वेळची हाय डीपीआय (दाट पडद्यांसाठीचं स्केलिंग) चालू करण्याची ओळही अजून आहे, क्यूॲप्लिकेशनच्या खाली.

---

अक्षरजुळणी | रविवार, सकाळी १०:३०

मग असं झालं असणार. क्यूटी ५ मध्ये स्केलिंग मुळात बंद असतं, ते चालू करणारं ॲट्रिब्यूट ५.६ मध्ये आलं. ते क्यूॲप्लिकेशनच्या आधीच लावावं लागतं. तुम्ही खाली लावत होतात, म्हणजे ते कधी लागलंच नव्हतं. टर्मिनलमध्ये तशी सूचनाही येत असेल, पण आयकॉनवर दोनदा टिचकी मारून उघडलं की टर्मिनल कोण बघतंय! शिवाय लागलं असतं तरी क्यूटी ५ मूळ धोरणानुसार १२५ टक्के स्केलिंगला गोल करून १०० टक्केच धरतं.

क्यूटी ६ मध्ये स्केलिंग कायम चालू आणि १२५ टक्के म्हणजे अगदी १.२५ पट. ते जुनं ॲट्रिब्यूट आता निरुपयोगी आहे, काढून टाका. गोलाईचं धोरण बदलायचंच असेल तर ती सोय ५.१४ पासून आहे, तेही ऑब्जेक्टच्या आधी. पण मी म्हणेन बदलू नका, क्यूटी ६ चं मूळ धोरण चांगलं आहे.

खरा दोष त्या २२ चा. तो आकडा इंग्रजी अक्षरांच्या मापाचा आहे. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचा उतार, इतकी जागा लागते. शिवाय विंडोजचा नेहमीचा सेगो यूआय हा फाँट घेतला तर त्यात देवनागरी नाही. मग प्रत्येक मराठी शब्दासाठी विंडोज निर्मला यूआयकडे जातं, आणि एकाच ओळीत दोन फाँटांच्या उंच्या येतात. लॅपटॉपवर वेगळा फाँट, उबुंटूवर वेगळा, आणि तुमचं माप एकच.

मी असं करतो. देवनागरीचा एक मोकळ्या परवान्याचा फाँट ॲपसोबतच देतो. मला मुक्ता आवडतो, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेच्या मंडळींनी केलेला. नोटो सान्स देवनागरीही चांगला आहे. क्यूॲप्लिकेशन बनल्यावर तो फाँट भरायचा, मग ॲपचा मूळ फाँट म्हणून लावायचा, आणि हे सगळं पहिल्या विजेटच्या आधी. मग फाँट मेट्रिक्सला (फाँटची मापं सांगणारी क्यूटीची सोय) ओळीची उंची विचारायची, त्यात वर-खाली थोडी हवा मिळवायची आणि तो आकडा तक्त्याच्या ओळींची मूळ उंची म्हणून द्यायचा. प्रत्येक ओळ मजकुराप्रमाणे मोजून उंच करायची सोय आहे, पण साडेसहा हजार ओळींना ती वापरू नका, उघडायला वेळ लागेल.

---

कोकणकडा | रविवार, दुपारी १:१०

मी जीटीके ४ वर (क्यूटीसारखंच दुसरं साधन) काम करते, पण धागा वाचून राहवलं नाही.

जीटीकेमध्ये हे टप्पे नाव देऊनच वेगळे केलेत. तुम्ही जीटीके ॲप्लिकेशन बनवता, त्याला उलट्या डोमेनसारखा आयडी देता, आणि दोन सिग्नल ऐकता. 'स्टार्टअप' एकदाच येतो, तिथे थीम, मेनू, सामायिक गोष्टी. 'ॲक्टिव्हेट' आला की खिडकी दाखवायची. जुना गोल फिरवत बसणारा जीटीके मेन चौथ्या आवृत्तीत काढूनच टाकला.

याचा एक फायदा तुमच्या वाचनालयाला लागू पडेल. लिनक्सवर त्याच आयडीचं ॲप पुन्हा उघडलं तर दुसरं ॲप सुरू होत नाही, डी-बसमार्फत (ॲप्समधली निरोपांची सोय) पहिल्यालाच 'ॲक्टिव्हेट' जातो आणि तीच खिडकी पुढे येते. क्यूटीत हे आपोआप होत नाही. संगणक हळू असला की माणसं आयकॉनवर तीन-चारदा टिचकी मारतात, आणि एकाच डेटाबेसवर तीन ॲप उघडी राहतात. क्यूलॉकफाइल वापरून पहिल्या टप्प्यातच पाहा, कुलूप मिळालं नाही तर 'ॲप आधीच उघडं आहे' एवढं सांगून बाहेर पडा.

दुसरी गोष्ट अक्षरजुळणींसाठी. जीटीकेत मजकूर मांडायचं काम पँगो करतं, आणि पँगोची मूळ भाषा लोकेलवरून ठरते. फाँटमध्ये मराठी 'ल' आणि 'श' ची वेगळी रूपं भरलेली असतील, तर लोकेल मराठी असताना ती आपोआप निवडली जातात, नाहीतर हिंदी वळणाची येतात. लोकेल सुरुवातीलाच लागतं, म्हणजे हाही क्रमाचाच भाग झाला. एखाद्या लेबलापुरती भाषा मार्कअपमध्येही सांगता येते.

---

अक्षरजुळणी | रविवार, दुपारी १:२५

कोकणकडा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आपल्या 'ल' साठी लोक दर वेळी फाँट बदलत बसतात आणि भाषा सांगायची राहून जाते.

---

सातवीसत्र | रविवार, दुपारी ३:४५

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला टीकिंटर शिकवलंय. टीकिंटरमध्ये पण असं काही असतं का? मी एकदा चित्र आधी भरलं तर 'टू अर्ली टू क्रिएट इमेज' असं आलं होतं, तेव्हा नुसती ओळ खाली नेली आणि चाललं, पण का ते कळलं नाही.

---

गोदाकाठ | रविवार, सायंकाळी ५:२०

सातवीसत्र, तुला जे दिसलं ते अगदी हेच. टीकिंटर हा टीसीएल नावाच्या भाषेवरचा पायथनचा पूल आहे. टीसीएल आणि टीके ही दोन्ही जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीला १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेली. तू टीके ऑब्जेक्ट बनवतोस तेव्हा आत टीसीएलचा इंटरप्रिटर सुरू होतो. चित्र, स्ट्रिंगव्हार ही सगळी त्या इंटरप्रिटरमध्ये राहतात. तोच नसेल तर ठेवणार कुठे? म्हणून 'फार लवकर' असा निरोप.

आणखी एक लक्षात ठेव. दुसरी खिडकी हवी म्हणून बरेच विद्यार्थी पुन्हा टीके बनवतात. मग दोन वेगळे इंटरप्रिटर होतात आणि एकातलं चित्र दुसऱ्यात चालत नाही. दुसऱ्या खिडकीसाठी टॉपलेव्हल असतं. सर्वांना लागू होणारा फाँट वगैरे ऑप्शन ॲडने देणार असशील तर तो विजेट बनवण्याआधी दे, आधी बनलेल्यांवर त्याचा परिणाम होत नाही.

मराठी मजकुराचं ॲप असेल तर मी टीके सुचवणार नाही. माझ्या लिनक्सवर टीके ८.६ मध्ये जोडाक्षरं सुटी सुटी दिसली होती.

---

पाणलोट | रविवार, रात्री ९:००

मी क्यूजीआयएसवर पाणलोट क्षेत्राचे नकाशे करतो. क्यूजीआयएस स्वतः क्यूटीवरच उभं आहे, आणि त्याच्या बाहेर स्वतंत्र पायथन स्क्रिप्ट लिहिली की याच खड्ड्यात पाय जातो.

तिथे क्यूॲप्लिकेशनच्या जागी त्यांचं स्वतःचं क्यूजीएस ॲप्लिकेशन असतं. आधी क्यूजीआयएस कुठे बसवलंय तो प्रीफिक्स पाथ सांगायचा, मग ऑब्जेक्ट बनवायचं, मग इनिट क्यूजीआयएस, आणि शेवटी काम संपल्यावर एक्झिट क्यूजीआयएस. इनिट राहिलं तर माहिती वाचणारे प्रोव्हायडरच भरले जात नाहीत. तुम्ही शेपफाइल उघडता, थर तयार होतो, पण तो 'वैध नाही' असं सांगतो. फाइल तपासण्यात मी अख्खा दिवस घालवला होता. फाइल चांगलीच होती.

ऑब्जेक्ट बनवताना खिडक्या लागणार की नाही हेही सांगावं लागतं. रात्री सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या कामाला 'नाही' म्हणायचं.

---

गोदाकाठ | रविवार, रात्री ९:३०

पाणलोट, बरोबर, आणि साध्या क्यूटीतही तीच पायरी आहे. खिडकी नकोच असेल तर क्यूकोअरॲप्लिकेशन, चित्रं आणि फाँट हवेत पण विजेट नकोत तर क्यूजीयूआयॲप्लिकेशन, विजेट हवीत तर क्यूॲप्लिकेशन. एका वेळी यांपैकी एकच.

---

खडूफळा | रविवार, रात्री १०:१५

धाग्यात थोडा शिरतोय, माफ करा. लिनक्सवर मला 'एक्ससीबी प्लगइन सापडला पण भरता आला नाही' अशा अर्थाचा निरोप येतो आणि ॲप बंद पडतं. चेहरे ओळखायचा छोटा प्रकल्प आहे, पायसाइड आणि ओपनसीव्ही दोन्ही आहेत. तीन दिवस झाले.

---

कोकणकडा | रविवार, रात्री १०:४०

खडूफळा, दोन जागा बघा. क्यूटी ६.५ पासून एक्ससीबीला लिबएक्ससीबी कर्सर ही लायब्ररी लागते, आणि नव्याने बसवलेल्या बऱ्याच लिनक्सवर ती नसते. ती बसवा.

तरी नाही झालं तर ओपनसीव्हीकडे वळा. लिनक्सवर पिपने येणारं ओपनसीव्ही स्वतःची क्यूटी ५ ची प्लगइन सोबत आणतं आणि इम्पोर्ट होताना प्लगइनचा रस्ता आपल्याकडे वळवतं. मग तुमचं क्यूटी ६ दुसऱ्याची प्लगइन उचलायला जातं. तुम्ही ओपनसीव्हीच्या खिडक्या वापरत नसाल, तर ते काढून त्याचं हेडलेस पॅकेज बसवा. नेमकं काय शोधलं जातंय हे पाहायला क्यूटी डीबग प्लगइन्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ॲप चालवा, प्रत्येक फोल्डरचं नाव छापलं जाईल.

---

खडूफळा | रविवार, रात्री ११:०५

हेडलेस बसवलं आणि लगेच चालू झालं. ताई, तुमचे खूप आभार. तीन दिवस मी क्यूटीच पुन्हा पुन्हा बसवत होतो.

---

शाईपेन | मंगळवार, रात्री ८:३०

आज वाचनालयात जाऊन आले. मुक्ता बसवला, ओळीची उंची मेट्रिक्सवरून घेतली, 'कीर्ती'चा रफार दिसतोय. कुलूपफाइलही घातली. दुपारी सेटिंग्ज टिकताहेत हे तीनदा पाहिलं, रजिस्ट्रीत संस्थेचं नाव दिसलं.

आणि आत्ता काकूंचा फोन आला की संध्याकाळी दंडाचा दर पुन्हा पहिल्यासारखा झालाय! क्रम आता अगदी तुम्ही सांगितला तसा आहे. काय राहिलं असेल?

---

वहीखाते | मंगळवार, रात्री ९:१०

शाईपेन, सकाळी आणि संध्याकाळी संगणकावर तीच व्यक्ती बसते का? की दोन वेगळे लॉगिन आहेत?

---

शाईपेन | मंगळवार, रात्री ९:१८

दोन आहेत. सकाळी काकू, संध्याकाळी तो मदतनीस मुलगा. त्याचं लॉगिन वेगळं.

---

वहीखाते | मंगळवार, रात्री ९:५०

मग तुमचं ॲप बरोबर वागतंय. क्यूसेटिंग्ज विंडोजवर चालू वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीत लिहितं. काकूंनी ठरवलेला दर काकूंच्या खात्यात, मुलाचं खातं कोरं.

मी सहकारी पतसंस्थांची छोटी ॲप्स करतो, म्हणून थोडं आग्रहाने सांगतो. दंडाचा दर ही 'सेटिंग' नाही. तो वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचा निर्णय आहे, संस्थेची नोंद आहे. ती डेटाबेसमध्ये हवी, कोणत्या तारखेपासून लागू आहे त्यासकट, कारण उद्या दर बदलला तर मागच्या महिन्यातल्या उशिराचा दंड जुन्या दरानेच निघायला हवा. बॅकअपचं फोल्डरही संस्थेचंच. क्यूसेटिंग्जमध्ये फक्त त्या माणसाच्या सोयीच्या गोष्टी ठेवा: खिडकीची जागा, स्तंभांची रुंदी, शेवटचा उघडलेला टॅब. खिडकीची जागा परत लावायची ती शो करण्याआधी, नाहीतर खिडकी आधी एकीकडे दिसून मग उडी मारते.

डेटाबेसची फाइलही तपासा. तीसुद्धा काकूंच्या खात्यातल्या फोल्डरमध्ये असेल तर संध्याकाळच्या नोंदी दुसऱ्याच फाइलीत जात असतील.

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०:०५

वहीखाते, मी क्रमाच्या मागे लागलो आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. तुमचं पूर्णपणे पटलं.

शाईपेन, त्या दोन गोष्टी डेटाबेसमध्ये गेल्या की दुसऱ्या टप्प्यात एक पायरी वाढेल: डेटाबेस उघडायचा, संस्थेच्या नोंदी वाचायच्या, मग खिडकी.

आता राहिलेले आकडे. डेटाबेसमध्ये दाखल क्रमांक पूर्णांक म्हणूनच ठेवा, मजकूर म्हणून नको. तुमच्याकडे सध्या मजकूर असणार, म्हणून '१२४७' देवनागरीत लिहिलेला आणि इंग्रजीत लिहिलेला हे दोन वेगळे झाले. पायथनची साधी पूर्णांकात बदलायची सोय देवनागरी आकडेही ओळखते, तेव्हा जुनं दुरुस्त करणं सोपं आहे. सी++ वाल्यांनी मात्र जपावं, क्यूस्ट्रिंगचं टूइंट फक्त इंग्रजी आकडे घेतं.

दाखवताना आकडे देवनागरीत हवे असतील तर मराठी-भारत हे लोकेल मूळ म्हणून लावा, विजेटच्या आधी. आधी बनलेली विजेट जुनं लोकेल धरून बसतात. मराठीच्या लोकेलमध्ये आकडे देवनागरीच येतात. फक्त दाखल क्रमांकात स्वल्पविराम नको, तेव्हा गटविभाजन बंद करणारा पर्याय लोकेलला सांगा. रकमेला ते राहू द्या.

---

शाईपेन | पुढचा रविवार, रात्री ९:४०

डेटाबेसची फाइल खरंच काकूंच्या खात्यात होती. मुलाच्या खात्यात दुसरी, त्यात चौदा देवघेवी. दोन्ही एकत्र केल्या. एक पुस्तक दोन्हीकडे बाहेर गेलेलं दिसत होतं, ते वर्गणीदाराच्या घरी जाऊन पाहिलं आणि नोंद नीट केली. फाइल आता दोघांनाही उघडता येईल अशा सामायिक फोल्डरमध्ये आहे.

माझी मुख्य फाइल आता अशी चालते: संस्थेचं नाव, ॲपचं नाव, स्टाइल, कुलूप. मग क्यूॲप्लिकेशन. मग लोकेल, मुक्ता, ट्रान्सलेटर, डेटाबेस, त्यातले दर. मग खिडकी, जागा, शो, एक्झेक. कॉन्फिग फाइलीच्या वरच्या ओळीत आता काहीच बनत नाही, सगळी नुसती फंक्शनं आहेत.

काकूंनी आज पहिल्यांदा मी शेजारी नसताना पूर्ण दिवसाची देवघेव ॲपवर केली. एकतीस पुस्तकं बाहेर, बावीस परत. संध्याकाळी मुलगा बसला, त्याच्याही पडद्यावर दंडाचा दर तोच होता. काकू वहीतही लिहिताहेत अजून, मार्चअखेरपर्यंत दोन्ही ठेवायचं असं आमचं ठरलंय.